सही खरी होती, तरी प्रोग्राम का काढला: तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार,

दोन तारे देताना तुम्ही कारणं नेमकी लिहिलीत, म्हणून उत्तरही नेमकं देता येतंय. तुमची तक्रार अशी: आमच्याकडे तपासायला दिलेल्या तुमच्या लॅपटॉपमधल्या पीडीएफ कन्व्हर्टरच्या फाइलवरची डिजिटल सही ठीक असल्याचं विंडोज स्वतः दाखवत होतं, तरी आम्ही तो काढून टाकला. उलट विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमधल्या एका डीएलएलवर (इतर प्रोग्राम वापरतात अशा कोडच्या फाइलवर) सहीच नव्हती, ती मात्र जागेवर ठेवली. त्यात दीड दिवस गेला, आणि विचारल्यावर 'ती फाइल बरोबर आहे' एवढंच ऐकायला मिळालं. थोडक्यात, आम्हाला सही तपासता येत नाही असं तुमचं म्हणणं.

आधी आमची चूक. कन्व्हर्टर काढण्यापूर्वी तुम्हाला फोन करायला हवा होता, तो केला नाही. कामाच्या नोंदीत 'अनावश्यक सॉफ्टवेअर काढले' इतकंच लिहिलं. कोणतं आणि का, ते लिहिलं नाही. तो प्रोग्राम तुम्ही स्वतः बसवला होता आणि वापरत होतात. तो ठेवायचा की नाही हे तुम्ही ठरवायचं होतं, आम्ही परस्पर ठरवलं. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

तपासणी चुकली, हे मात्र मला मान्य नाही. आणि हा गैरसमज इतक्या लोकांच्या मनात असतो की सविस्तर लिहितो.

सहीवरून दोन गोष्टी कळतात. सर्टिफिकेटवर (सही करणाऱ्याची ओळख सांगणाऱ्या डिजिटल दाखल्यावर) ज्याचं नाव आहे त्याच्याकडच्या गुप्त डिजिटल किल्लीने ती झाली आहे, आणि सही झाल्यानंतर प्रोग्रामच्या कोडमध्ये फेरफार झालेला नाही. सर्टिफिकेट देणारी संस्था अर्जदार कंपनी खरी आहे का ते बघते. त्या कंपनीचा प्रोग्राम उघडून वाचत नाही. प्रोग्राम तुमच्या संगणकात शिरून काय करणार आहे, याबद्दल सही गप्प असते.

२०१० मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रामच्या ड्रायव्हरवर रिअलटेक आणि जेमायक्रॉन या खऱ्या कंपन्यांच्या सर्टिफिकेटची सही होती; किल्ल्या चोरीच्या होत्या. २०१७ मध्ये सीक्लीनर या संगणक साफ करणाऱ्या प्रोग्रामच्या ५.३३ आवृत्तीत बाहेरच्यांनी घुसवलेला कोड थेट कंपनीच्याच सहीनिशी लोकांपर्यंत गेला. तुमच्या कन्व्हर्टरचं प्रकरण यांच्या जवळपासही जात नाही, तेव्हा घाबरू नका. पण नको असलेल्या सॉफ्टवेअरला चोरी करायची गरजच नसते, हे लक्षात घ्या. त्यामागची कंपनी कागदोपत्री नोंदलेली असते, स्वतःच्या नावाने रीतसर सर्टिफिकेट घेते आणि प्रत्येक फाइलवर सही करते, कारण सही नसलेली फाइल चालवताना विंडोज 'अज्ञात प्रकाशक' म्हणून इशारा देतं आणि लोक थबकतात. म्हणूनच अशा प्रोग्रामवर खरी सही दिसली, तर आम्हाला त्याचं आश्चर्य वाटत नाही.

आता तुमच्या लॅपटॉपमध्ये काय दिसलं ते सांगतो. कन्व्हर्टरसोबत ब्राउझरचं एक एक्स्टेन्शन आलं होतं आणि त्याने शोधाचं पान बदललं होतं. ते तुम्ही दोनदा पूर्ववत केलंत आणि दोन्ही वेळा पुन्हा बदललं, असं लॅपटॉप देताना तुम्हीच सांगितलं होतंत. बदलणारा शोधायला वेळ लागला, कारण चालू प्रोग्रामांच्या यादीत तो दिसतच नव्हता. टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप सुरू करणाऱ्या विंडोजच्या सोयीत) एक नोंद होती, ती प्रत्येक लॉगिनला रनडीएलएल३२ सुरू करत होती. रनडीएलएल३२ मायक्रोसॉफ्टचा, त्याची सही पक्की. पण तो स्वतः काही करत नाही, सांगितलेली डीएलएल उघडून चालवतो. इथे ती डीएलएल तुमच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये होती आणि तिच्यावर त्याच कन्व्हर्टरच्या कंपनीची सही होती. फक्त मायक्रोसॉफ्टच्या सह्या गाळून उरलेली यादी बघणारा माणूस इथे हमखास फसतो. त्यामुळे आम्ही सुरुवातीला चालणाऱ्या प्रत्येक नोंदीची पूर्ण आज्ञा वाचतो. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा खात्रीचा मार्ग मला सापडलेला नाही. कन्व्हर्टर नेहमीच्या पद्धतीने अनइन्स्टॉल केल्यावरही ही नोंद आणि ती डीएलएल मागे राहिली होती, म्हणून ती हाताने काढावी लागली.

आता सिस्टम३२ मधली ती डीएलएल. प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सहीचा टॅब दिसला नाही, हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. पण विंडोजच्या अनेक फाइलींची सही फाइलीच्या पोटात नसते. असंख्य फाइलींच्या हॅशची (फाइलीतल्या मजकुरावरून काढलेल्या, बोटाच्या ठशासारख्या आकड्याची) एक यादी केलेली असते, तिला कॅटलॉग म्हणतात, आणि सही त्या यादीवर असते. हे कॅटलॉग सिस्टम३२ मधल्याच कॅटरूट फोल्डरमध्ये असतात. प्रॉपर्टीजचा टॅब फाइलीच्या आतलीच सही दाखवतो, कॅटलॉग बघत नाही. विंडोज १० मधल्या साध्या नोटपॅडवर हे करून बघा, तिथेही टॅब दिसणार नाही. तुमची डीएलएल आम्ही मायक्रोसॉफ्टच्याच सिगचेक या साधनाने तपासली. ते कॅटलॉगही धुंडाळतं. उत्तर आलं: सही आहे, प्रकाशक मायक्रोसॉफ्ट विंडोज. टॅब नाही म्हणून ती फाइल उडवली असती, तर कदाचित लॅपटॉप सुरूच झाला नसता. हे सगळं तुम्हाला समजावून सांगायला पाच मिनिटं लागली असती. आमच्या माणसाने ती दिली नाहीत. तुमचा राग मला पटतो.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण उपयोगी पडेल. टॅब दिसला म्हणजे सही खरी, असंही नाही. खऱ्या फाइलवरची सही उचलून दुसऱ्या फाइलला चिकटवता येते. टॅब दिसतो, कंपनीचं नावही दिसतं. फाइलचा हॅश सहीतल्या हॅशशी जुळत नाही, हे तपशील उघडल्यावरच कळतं. तुम्ही तपशील उघडून बघितला होतात, फार थोडे लोक तेवढं करतात. तिथेच सहीचा टाइमस्टॅम्पही, म्हणजे सही कधी झाली त्याची नोंद, बघा. सर्टिफिकेटची मुदत संपली असली, तरी मुदतीत असताना सही झाल्याचा टाइमस्टॅम्प असेल तर सही ग्राह्य धरतात. सर्टिफिकेट रद्द झालेलं असेल तर मात्र गोष्ट वेगळी, तेव्हा सावध व्हा.

दीड दिवसाबद्दल. संशयास्पद वाटलेल्या फाइली आम्ही कुठेही अपलोड केल्या नाहीत. फक्त त्यांचे हॅश ऑनलाइन शोधले. ग्राहकाच्या संगणकातली फाइल त्याला न विचारता बाहेर पाठवायची नाही, हा आमचा नियम आहे. दोन हॅशबद्दल काहीच माहिती मिळाली नाही, म्हणून त्या फाइली नेट बंद ठेवलेल्या वेगळ्या यंत्रावर चालवून बघितल्या. वेळ तिथे गेला. उशीर होणार हे तुम्हाला आदल्या संध्याकाळीच कळवायला हवं होतं.

कन्व्हर्टरच्या सगळ्या फाइली आमच्याकडे क्वारंटाइनमध्ये, म्हणजे चालू होऊ शकणार नाहीत अशा बंदिस्त जागी, जपून ठेवल्या आहेत. वरचं सगळं वाचूनही तो हवा असेल तर वेगळं शुल्क न घेता परत बसवून देतो. लॉगिनला चालणारी ती नोंद तेवढी ठेवायची का, हे तुम्ही सांगा. तपासलेल्या प्रत्येक फाइलचं नाव, जागा, सही आणि हॅश लिहिलेली यादी आज तुमच्या ईमेलवर पाठवली आहे. इथून पुढे ही यादी प्रत्येक कामासोबत जाईल, आणि ग्राहकाने स्वतः बसवलेला कोणताही प्रोग्राम त्याचा होकार मिळेपर्यंत काढला जाणार नाही. यादीतल्या एखाद्या ओळीवर शंका असेल तर थेट मला फोन करा. लॅपटॉप घेऊन आलात तर ती फाइल तुमच्यासमोर पुन्हा तपासतो.