एनसीसी सक्तीची नको, पण नीट हवी

२६ जानेवारी जवळ आला की ‘कॉलेजात लष्करी शिक्षण सक्तीचं करा’ अशा पोस्टी फिरायला लागतात. माझा या मागणीला विरोध आहे. नाशिकजवळच्या देवळालीच्या तोफांचे आवाज ऐकत मोठा झालेला माणूस मी, सैन्याबद्दल प्रेम आहे म्हणूनच विरोध आहे.

सक्ती आपण करून पाहिली आहे. १९६२ च्या युद्धानंतर, १९६३ मध्ये कॉलेजच्या मुलांना एनसीसी, म्हणजे राष्ट्रीय छात्र सेनेचं प्रशिक्षण, सक्तीची झाली आणि १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक झाली. ज्याला मनापासून यायचं नाही त्याला पहाटे मैदानावर उभं करून हजेरी भरते, अधिकारी तयार होत नाही.

आणि विद्यापीठांतलं हे शिक्षण सुरू झालं ते सैन्याच्याच गरजेतून. पहिल्या महायुद्धात इंग्रजांना माणसं कमी पडायला लागली, तेव्हा १९१७ च्या कायद्याने युनिव्हर्सिटी कोअर, म्हणजे विद्यार्थ्यांचं लष्करी पथक, आली. १९२० च्या टेरिटोरियल फोर्स कायद्यानंतर तिची यूटीसी (युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर) झाली, १९४२ मध्ये यूओटीसी (युनिव्हर्सिटी ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर). स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये देशभरासाठी छात्र संघटना कशी असावी हे ठरवायला पंडित हृदयनाथ कुंझरूंची समिती बसली आणि १५ जुलै १९४८ ला एनसीसी उभी राहिली. पुढच्याच वर्षी मुलींचा विभाग सुरू झाला, हे मला फार मोलाचं वाटतं.

आपल्या नाशिकचा धागा वेगळा आहे. हिंदू महासभेचे नेते डॉ. बा. शि. मुंजे हे, भारतात लष्करी अकादमी उभारण्यासाठी नेमलेल्या १९३१ च्या चेटवूड समितीचे सदस्य होते. त्यानंतर १९३२ मध्ये सैन्याचे अधिकारी घडवणारी डेहराडूनची अकादमी सुरू झाली आणि १९३७ मध्ये मुंजेंनी इथे भोसला मिलिटरी स्कूल काढलं. त्यांच्या राजकारणाशी माझे मतभेद आहेत. पण अकादमी उघडली तरी तिथवर पोचणारी मुलं आधी घडवावी लागतात, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

आज नेमकं तेच राहून जातंय. एनसीसीचं सर्वात वरचं, सी सर्टिफिकेट किमान बी ग्रेडने मिळालं आणि पदवीला ५० टक्के असले, तर एनसीसी स्पेशल एन्ट्रीतून सीडीएसची (सैन्यात अधिकारी होण्यासाठीची) लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीला, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या मुलाखतीला, जाता येतं. मुलींनाही. निवड झाली की चेन्नईच्या ओटीएत (ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत) ४९ आठवड्यांचं प्रशिक्षण. आमच्या ओळखीच्या एका मुलाकडे हे सगळं होतं. त्याला कॉलेजात कुणी सांगितलंच नाही. कळलं तेव्हा पंचविशी उलटून गेली होती, आणि मर्यादा पंचविशीचीच. त्याच्या आईचा चेहरा बघवत नव्हता.

नाशिक रोडला सैनिक कल्याण विभागाचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. एसएसबीची तयारी तिथे करून घेतात, राहणं-जेवण मोफत. किती कॉलेजांच्या सूचनाफलकावर त्याची माहिती असते? सी सर्टिफिकेट म्हणजे पोलीस भरतीतले जादा गुण, एवढंच मुलांच्या कानावर पडतं. ते गुण मिळावेतच. पण शेतकऱ्याच्या, रिक्षावाल्याच्या पोराला ‘तू लेफ्टनंट होऊ शकतोस’ हे पहिल्याच वर्षी कुणीतरी सांगायला नको का?

माझी मागणी साधी आहे. सक्तीचा विषय सोडा. प्रत्येक कॉलेजात एनसीसी सांभाळणाऱ्या प्राध्यापकांना, म्हणजे एएनओ सरांना आणि मॅडमना, अध्यापनाच्या तासांत खरीखुरी सवलत द्या. दुसऱ्या वर्षापासून एसएसबीचं मार्गदर्शन सुरू करा. आणि देवळालीत राहणारे निवृत्त अधिकारी हाकेच्या अंतरावर आहेत, त्यांना महिन्यातून एकदा तरी मुलांसमोर बोलवा.