कूलरचं वाक्य मला लागलं

नमस्कार.

ड्रिल पाइपचं वॉशआउट, म्हणजे तेलविहीर खोदणाऱ्या पाइपला भोक पडणं, वेळेवर कसं ओळखायचं, या माझ्या लेखावर आपण मोठी प्रतिक्रिया लिहिलीत, आभार. आपलं म्हणणं थोडक्यात असं: लेखात चूक आहे, प्रेशर जरा उतरलं की पाइप वर काढत बसलो तर रिगचं भाडं कोण भरणार, आता सेन्सर आहेत, आणि "नागपुरात कूलरसमोर बसून समुद्रातल्या रिगबद्दल शिकवू नका."

चूक आहे, मान्य. मड पंपाच्या, म्हणजे खोदताना पाइपमधून मड (पातळ चिखल) ढकलणाऱ्या पंपाच्या, चित्राखाली 'लायनर'च्या (पिस्टन ज्यात सरकतो ती नळी) जागी 'पिस्टन' पडलं होतं. दुरुस्त केलं.

पण कूलरचं ते वाक्य! मतभेद असू द्या, ही बोलायची रीत नव्हे. 19 वर्षं मी विदर्भ एक्स्प्रेसने मुंबई आणि जुहूहून हेलिकॉप्टरने रिग गाठली. 14 दिवस तिकडे, 14 दिवस इकडे. थोरल्या मुलीच्या बारशाला मी नव्हतो. माहीत नव्हतं तर आधी विचारायचं होतंत.

आणि तो लेख कशातून आला तेही ऐका. रात्रपाळी होती, मी मड पंपाजवळ. स्ट्रोक मिनिटाला 110, जराही हलत नव्हते. स्टँडपाइपचं, म्हणजे पंपातून ड्रिल पाइपकडे जाणाऱ्या मडचं, प्रेशर मात्र अर्ध्या तासात 2,400 पीएसआयवरून 2,250 वर आलं. स्ट्रोक तेच आणि प्रेशर हळूहळू खाली, म्हणजे मड बिटपर्यंत (तळाच्या खोदणाऱ्या टोकापर्यंत) न जाता मधूनच कुठून तरी निसटतंय. पाइपला बारीकशी चीर गेली की त्यातून दाबाने सुटणारं मड पोलाद खात जातं, भोक तासागणिक वाढतं. मी वर जाऊन सांगितलं. साहेब म्हणाले, गेज खराब असेल. अडीच तासांनी ड्रिलर ओरडला, "वजन गेलं!" स्ट्रिंग, म्हणजे जोडलेल्या पाइपांची अख्खी माळ, तुटली होती. वरचा भाग बाहेर आल्यावर मी त्या टोकावरून बोट फिरवलं. एका बाजूला करंगळी जाईल एवढी गुळगुळीत खाच, बाकी सगळी फाटलेली धार. खालचा तुकडा काढायला 8 दिवस फिशिंग चाललं. त्या 8 दिवसांचं भाडं कोणी भरलं, हे का नाही विचारत तुम्ही?

दर वेळी पाइप काढा, असं मी लिहिलेलंच नाही. तुम्ही लेख शेवटपर्यंत वाचलेला दिसत नाही. आधी पंप बदलायचा. लायनर सारखे असतील तर दुसऱ्या पंपावर तेवढेच स्ट्रोक द्यायचे. प्रेशर परत आलं, तर दोष पहिल्या पंपात, व्हॉल्व नाहीतर पिस्टनचं रबर गेलेलं. नाही आलं, तर वरच्या लाइनी तपासा, मडचं वजन घ्या, त्यात हवा शिरलीय का बघा. तेही सगळं ठीक निघालं तरच पाइप वर. त्या रात्री आम्ही पंपसुद्धा बदलून पाहिला नाही, ते मला अजून सलतं.

सेन्सरबद्दल आपण बरंच लिहिलंत, त्यात मी शिरत नाही. आकडा सेन्सरने दिला काय नि गेजने, कोणी मनावर घेतला पाहिजे.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. कूलरचं वाक्य तेवढं आपण स्वतःहून काढलंत तर मला बरं वाटेल.