भाद्रपदातली जिलेबी

परवा रात्री साडेदहाला कट्ट्यावर आम्ही चौघंच होतो. आप्पा, पराग, सुहास आणि मी. मांडवातला स्पीकर नुकताच बंद झाला होता आणि दुसरा चहा सांगायचा की घरी जायचं, यावर घोळ चालला होता. तेवढ्यात कर्वे पुतळ्याकडून मनीषाची ॲक्टिवा आली. पायदानावर तिची कुत्री जिलेबी उभी, कान मागे, नाक वाऱ्याला. मनीषानं आधी पट्टा हातात घेतला, मग गाडी स्टँडला लावली, मग डिकीतून पाण्याची बाटली काढली. तिचा हा क्रम कधी चुकत नाही.

आप्पांनी पाय वर घेतले. "अगं, हिला कशाला बाहेर काढलीस? तिची ती... अडचण आहे ना?"

"अडचण तुमची आहे आप्पा. तिला हीट आलीय, माजावर आहे ती."

"तेच ते. चार दिवस ठेवायची घरात. आमच्या आईच्या वेळेला..."

"चार दिवस नाही, तीन आठवडे. वर्षातनं साधारण दोनदा. तीन आठवडे तुम्हाला दोन खोल्यांत कोंडलं तर काय कराल?"

"आप्पा कुलकर्णी काकूंशी भांडतील," सुहास म्हणाला. "तसे ते एरवीही भांडतातच."

पराग एवढा वेळ जिलेबीच्या कानामागे खाजवत होता. त्याचं म्हणणं आप्पांच्या बरोब्बर उलटं. "मी तर म्हणतो, एआरएआयच्या टेकडीवर ने आणि सोड. पळू दे. निसर्ग आहे. आपण कोण मधे पडणारे?"

"निसर्गाची सात पिल्लं झाली होती ना रे 2019 मध्ये? त्यातली तुझ्या घरी किती राहिली?"

पराग गप्प. त्या सातांना घरं शोधायला मनीषा पार धायरीपर्यंत फिरली होती आणि पेट्रोलचे पैसे परागनं अजून दिलेले नाहीत. तो म्हणाला दिले होते. ती म्हणाली भेळ दिली होतीस. पाच मिनिटं यातच गेली.

मुद्द्यावर आणलं ते जिलेबीनंच. ती गाडीच्या चाकाशी बसून शू करायला लागली आणि मनीषानं लगेच त्यावर बाटलीतलं पाणी ओतलं, नीट, गटाराकडे वाहून जाईल असं. आप्पांना वाटलं स्वच्छता मोहीम. खरं कारण वेगळं आहे. माजावर आलेल्या कुत्रीच्या लघवीत असा वास असतो की परिसरातले नर तो धरून थेट दारापर्यंत येतात. म्हणून तर ॲक्टिवा. सोसायटीच्या गेटपासून चालत नेली तर गेटपासूनच माग लागतो. ती जिलेबीला तीन-चार गल्ल्या लांब गाडीवर नेते, तिथे अर्धा तास चालवते, परत गाडीवर. पहाटे साडेपाचला एकदा आणि रात्री या वेळेला एकदा. मोकळं सोडणं नाही, मैदान नाही, इतर कुत्र्यांच्या फिरण्याच्या वेळा नाहीत. चाल तेवढीच, फक्त वाट आणि वेळ बदललेली. मला हे फार पटतं. कुत्रीला कोंडणं सोपं असतं, तिच्यासाठी पहाटे पाचला उठणं अवघड.

"पण आता रक्त तर थांबलंय म्हणालीस ना?" सुहासनं विचारलं. "मग आता काय भीती?"

"अरे, भीती आत्ताच आहे!"

हे मात्र सगळ्यांनी ऐकावं. पहिला आठवडा-दीड आठवडा लालभडक स्राव असतो, त्या दिवसांत ती नराला जवळ येऊ देत नाही, गुरगुरते. मग रंग फिका होत जातो, गुलाबीसर, पाणचट. लोकांना वाटतं झालं, संपलं. आणि पट्टा सुटतो. गाभण राहण्याचे दिवस नेमके तेव्हा सुरू झालेले असतात. शेपटी एका बाजूला वळवून उभी राहायला लागली की समजायचं. बायकांच्या पाळीशी याचा काही संबंध नाही. बायकांचं रक्त जातं ते गर्भ राहिला नाही म्हणून, हिचं येतं ते तयारी म्हणून. मनीषानं हे सांगितलं तेव्हा आप्पा चहाच्या ग्लासात बघत होते.

"डायपर मिळतात ना आता?" पराग.

"मिळतात. सोफा वाचतो. डायपर म्हणजे कुलूप नव्हे."

गिरणीच्या पायरीवर एव्हाना दोन कुत्रे येऊन बसले होते. एकाचा कान कापलेला, म्हणजे नसबंदी झालेला. आप्पा उखडले. "मग हा कशाला आलाय? महापालिकेनं केलं काय मग? सुप्रीम कोर्टानं सांगितलं होतं ना, सगळी उचला म्हणून!"

"ते 11 ऑगस्ट 2025 ला, आणि दिल्लीचं. 22 तारखेला त्यांनीच बदललं. पिसाळलेली नि हल्लेखोर सोडून, नसबंदी आणि लस झालेली कुत्री जिथली तिथे परत सोडायची, असं. पेपर पूर्ण वाचत जा आप्पा, नुसती मथळ्यावर मतं नको." मग जरा मऊ आवाजात, "आणि याला वास येतोच हो. हा जवळ आला, अडकला, तरी पिल्लं व्हायची नाहीत. पण अडकले की लोक दगड मारतात."

दगड मारतात, गरम पाणी टाकतात, काठीनं ओढतात. हे मी आमच्याच गल्लीत पाहिलंय. जोडी अडकली की ती वीस-तीस मिनिटांनी आपोआप सुटते. ओढून सोडवली तर दोघांनाही आतून इजा होते. भाद्रपदातला कुत्रा म्हणून आपण शिवीसारखं बोलतो, पण त्या वीस मिनिटांत तिथे जनावरासारखं वागतो तो माणूस.

मग मी राणीचं सांगितलं. मी ते फारसं सांगत नाही. राणी चार वर्षांची होती तेव्हा हीटचे तीनही आठवडे मी तिला गॅलरीत ठेवली. तिनं दाराची चौकट कुरतडली, मी ओरडलो. फिरायची सवय मोडली ती नंतरही तशीच राहिली, माझ्या आळसानं. महिन्याभरानं ती वाडगंच्या वाडगं पाणी प्यायला लागली. ऑक्टोबर होता, मी म्हटलं उकाड्यानं. सुस्त पडून राहायची, दोनदा ओकली. डॉक्टरांनी हात लावल्या लावल्या सांगितलं, गर्भाशयात पू झालाय, पायोमेट्रा. हीट संपल्यावर महिना-दोन महिन्यांत होतो तो हाच. त्याच रात्री पिशवी काढली. राणी वाचली. पण रोज सकाळ-संध्याकाळ तिच्याबरोबर चाललो असतो तर तहान चार दिवस आधी दिसली असती. फिरवताना माणूस कुत्रीकडे बघतो तरी, गॅलरीत ठेवलेल्या कुत्रीकडे कोण बघतं?

कुणी काही बोललं नाही. जिलेबीनं माझ्या चपलेवर हनुवटी ठेवली होती.

"ऑक्टोबर हीट," आप्पा गंभीरपणे म्हणाले. "वाईटच असते पुण्यात."

सुहासला चहाचा ठसका लागला. आप्पांना दोन मिनिटं कळेना की हे का हसतायत.

हसणं ओसरल्यावर मनीषानं सांगितलं की दिवाळीनंतर जिलेबीचं ऑपरेशन करायचं ठरलंय. हीट चालू असताना तिथे रक्तपुरवठा वाढलेला असतो, म्हणून डॉक्टर शक्यतो दोन-तीन महिने थांबायला सांगतात. तोवर पहाटेची फेरी, आणि घरात टॉवेलच्या घड्यांत बिस्किटं लपवून हुंगायचा खेळ. दहा मिनिटं नाक चाललं की दमून झोपते म्हणाली.

"विसर्जनाच्या दिवशी काय करशील?" परागनं विचारलं. "ढोल, गर्दी, आणि हिच्या मागे सगळी फौज."

"गच्चीवर फिरवीन. आप्पांनी किल्ली दिली तर."

इथे जुनी जखम उघडली. गच्चीची किल्ली आप्पांकडे असते. पापड वाळवायला मिळत नाही, कोजागिरीला मिळाली नाही, सुहासच्या मुलाला पतंगाला मिळाली नाही. तिघं एकदम बोलायला लागले. नियम, पाण्याची टाकी, वार्षिक सभेतला ठराव, आप्पांनी सगळं काढलं. मग एकदम आवाज उतरला.

"किल्ली नाहीये रे माझ्याकडे."

"म्हणजे?"

"हरवली. दोन वर्षं झाली."

"आणि कोजागिरीला 'नियमात बसत नाही' म्हणालात ते?"

"मग काय सांगणार होतो?"

पराग कट्ट्यावर आडवा झाला. सुहास डोळे पुसत होता. आप्पाही शेवटी हसायला लागले, आणि हसता हसता त्यांचा हात जिलेबीच्या डोक्यावर गेला, हे त्यांच्या लक्षातही आलं नसावं. मनीषानं बाटलीतलं उरलेलं पाणी चाकाशी ओतलं, जिलेबीला पायदानावर चढवली आणि पायरीवरचे दोघं उठायच्या आत गाडी चालू केली.

"सकाळी किल्लीवाला घेऊन येते आप्पा," ती वळताना ओरडली. "पैसे परागकडून. पेट्रोलचे आहेतच."