पेपर सोपा होता, मग पर्सेंटाइल का उतरलं? निपाणीच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

कॅट, म्हणजे आयआयएमसारख्या संस्थांतल्या एमबीए प्रवेशाची परीक्षा, तिच्यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया दोन-तीनदा वाचली. तुम्ही लिहिता, "२०२४ च्या कॅटमध्ये गणित २०२३ पेक्षा सोपं होतं, असं तुम्ही सरळ लिहून टाकलंत. मग माझ्या मुलीचे गुण नऊने वाढूनही पर्सेंटाइल दोनने खाली कसं आलं? आता घरात सगळे तिलाच बोल लावतात. पुण्याच्या क्लासवाल्यांची मापं आमच्या सीमाभागातल्या मराठी माध्यमाच्या पोरांना लावू नका."

आधी पोरीला बोल लावणं थांबवा. तिने मागच्या वर्षीपेक्षा चांगला पेपर लिहिलाय.

पर्सेंटाइल म्हणजे रांगेतली जागा. २०२४ ला सुमारे २.९३ लाख मुलं परीक्षेला बसली. त्यात ९९ पर्सेंटाइल मिळालं म्हणजे पुढे साधारण २,९३० जण उभे. पेपर सोपा आला की अख्ख्या रांगेचेच गुण वाढतात. तुमच्या मुलीचे नऊ वाढले, तिच्या आगेमागे असलेल्यांचे त्याहून जास्त वाढले असणार. २०२३ ला ज्या गुणांवर जी जागा मिळत होती, तिच्यासाठी २०२४ ला बरेच जास्त गुण लागले. मी हे एका ओळीत उरकलं, ती चूक माझी. 'सोपा' हा शब्द तुमच्या स्वयंपाकघरापर्यंत कसा पोचेल, याचा विचार मी करायला हवा होता.

मराठी माध्यमाचा तुमचा मुद्दा मात्र मला पूर्ण पटतो, आणि त्याचं मूळ अवघड-सोपेपणापेक्षा परीक्षेच्या रचनेत जास्त आहे. २०१४ ला वेळ आपल्या हातात होता. त्या वर्षी १०० प्रश्न, १७० मिनिटं, आणि कुठल्याही विभागात हवं तेव्हा जाता येत होतं. गणित झटपट आटपून उरलेला वेळ इंग्रजीला देणं आपल्या मुलांना जमायचं. २०१५ पासून एकूण १८० मिनिटं झाली, पण प्रत्येक विभागाला स्वतंत्र वेळ आली. २०२० मध्ये १८० मिनिटांची १२० झाली, म्हणजे विभागाला ४०. प्रश्नही कमी झाले. २०२४ ला ६८. पूर्वी ३०० गुणांत पर्यायांचा एक प्रश्न चुकायचा, आता २०४ गुणांत चुकतो. बरोबर आला असता तर तीन मिळाले असते, चुकल्यामुळे एक गेला. चार गुणांचा हा फरक आता जास्त बोचतो.

आणि सुरुवातच इंग्रजीने. २४ प्रश्न, त्यातले १६ चार उताऱ्यांवर.

खानापूरचा एक मुलगा गेल्या वर्षी बेळगावात टिळकवाडीत माझ्यासमोर बसून सराव पेपर सोडवत होता. उताऱ्याच्या समासात तो पेन्सिलीने बारीक अक्षरात मराठी अर्थ लिहीत होता. तिसऱ्या परिच्छेदाला पोचला तेव्हा चौदा मिनिटं गेली होती. अर्थ सगळे बरोबर, पण प्रश्न एकही सुटलेला नाही. हाच मुलगा काळ-काम-वेगाचं उदाहरण मी वाचून संपवायच्या आत उत्तर सांगतो. घरी मराठी, बसमध्ये कानडी, कॉलेजात इंग्रजी. त्याच्या डोक्यात भाषांची कमतरता नाही. त्याला भाषांतर न करता वाचायची सवय लागायला पाच महिने गेले. रोज खानापूर-बेळगाव बसमध्ये एक इंग्रजी अग्रलेख, पेन्सिल दप्तरात ठेवून. एवढंच केलं आम्ही.

म्हणून पुढच्या लेखापासून विभागवार लिहिताना, मराठी माध्यमाच्या मुलांचा वेळ कुठे जातो हेही लिहीन. डीआयएलआरचंही, म्हणजे तक्ते-आलेख वाचून तर्क लावायच्या विभागाचंही, तसंच आहे. २०२४ ला २२ प्रश्न पाच संचांत होते (एकाच माहितीवरचे चार-पाच प्रश्न म्हणजे एक संच), आणि पहिली पाच मिनिटं कोणता संच टाळायचा हे ठरवण्यात घालवणारी मुलं पुढे गेली, हे मी इथे माझ्या वर्गात पाहिलंय.

सीईटीचं विचारलंत. महाराष्ट्राची एमबीए सीईटी वेगळी परीक्षा आहे: २०० प्रश्न, १५० मिनिटं, चुकीला गुण कापत नाहीत. तिच्या प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या उमेदवारांसाठी 'ई' प्रकार आहे. सीमाभागाचा आणि मातृभाषेचा दाखला लागतो. आपल्याकडच्या कितीतरी घरांना हे माहीतच नसतं. कागद वेळेत काढा.

तिसऱ्यांदा कॅट द्यायची की नाही, हे मात्र घरात बसून ठरवू नका. येत्या रविवारी दोन्ही वर्षांची स्कोअरकार्डं घेऊन टिळकवाडीला या. तिन्ही विभागांचे आकडे शेजारी शेजारी मांडू, म्हणजे घसरण कुठल्या विभागात झाली ते दिसेल. आणि काका, मुलीला सोबत आणा. तिच्याशी मला बोलायचंय.