पॉइंट, टायमिंग आणि कान: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ,

जुन्या दोन सिलेंडरच्या ओबीएमच्या (नावेच्या मागे लावायच्या मशीनच्या) टायमिंगवरचा, म्हणजे ठिणगी नेमकी केव्हा पडावी यावरचा, माझा लेख तुम्ही बारकाईने वाचलात. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पॉइंटचा (उघडला की ठिणगी पाडणाऱ्या स्विचचा) गॅप व्हिजिटिंग कार्डाने लागतो, फिलर गेज (गॅप मोजायच्या पात्या) कशाला, टायमिंग कानाने लागतं, रॉकेलच्या मशीनला टायमिंग थोडं पुढे पाहिजे, कारण रॉकेल सावकाश जळतं, आणि मशीन पाण्याबाहेर, थंड ठेवायला नळीचं पाणी जोडून, फुल थ्रॉटल देऊन टायमिंग बघायला सांगणं धोक्याचं आहे. वर "इतलं कोन करस?" हेही आहेच.

नळीचा मुद्दा सोळा आणे खरा, तो मजकूर लेखातून काढला आहे. पाण्यातला भार नसताना टू-स्ट्रोकला फुल थ्रॉटल दिलं तर आरपीएम आवरत नाहीत आणि कनेक्टिंग रॉडवर बेततं. नळीवर फक्त मंद चालवून पाहायचं, तेही पंखा काढून. ड्रममध्ये चालवायचं असेल तर 200 लिटरचा घ्या आणि पंख्यावरची आडवी पट्टी पाण्याखाली बुडेल इतका भरा. कोरडं चालवलं तर पंपाचा रबरी इम्पेलर मिनिटभरही टिकत नाही. फुल ॲडव्हान्सचं (फुल थ्रॉटलला ठिणगी सगळ्यात आधी पडते तेव्हाचं) टायमिंग मशीन बंद ठेवूनच लावा, रीत पुढे आहे.

आता कार्ड. कार्डं साधारण पाव मिलिमीटरपासून 0.4 पर्यंत मिळतात. जुन्या जॉन्सन-एव्हिनरूडच्या पॉइंटला 0.020 इंच, म्हणजे 0.5 मिलिमीटर गॅप लागतो. गॅप कमी म्हणजे पॉइंट उशिरा उघडतो आणि ठिणगी मागे पडते. तुम्ही म्हणाल, पॉइंटची प्लेट थोडी पुढे घेतली की झालं. इथेच गफलत होते. या मशीनमध्ये कॉइल (ठिणगीचा करंट बनवणारी तारेची गुंडाळी) आणि पॉइंट एकाच प्लेटवर बसलेले असतात. फ्लायव्हीलमधलं (वरच्या जड चाकातलं) चुंबक कॉइलसमोरून जाताना तिच्या प्रायमरीतला (पहिल्या गुंडाळीतला) करंट एका ठरावीक जागी सगळ्यात जास्त असतो आणि पॉइंट नेमका तिथे उघडला तरच ठिणगी जोरदार पडते. प्लेट फिरवली की दोन्ही सोबत फिरतात. टायमिंग जागेवर येतं, पण पॉइंट चुंबकाच्या हिशेबाने उशिराच उघडत राहतो आणि ठिणगी कमजोरच राहते. मग थंड मशीन दोरी ओढून ओढून चालू होत नाही आणि दोष कॉइलला दिला जातो. म्हणून आधी गॅप, तोही दोन्ही पॉइंटचा, कॅमच्या सगळ्यात उंच जागी, आणि नंतर टायमिंग. कार्ड फेकू नका: पॉइंट पुसायला कोरं कार्ड उत्तम, एमरी पेपरचे कण मात्र मध्ये अडकतात.

पॉइंट केव्हा उघडतो ते मल्टिमीटरने पाहताना बरेच जण फसतात. कॉइलची प्रायमरी जेमतेम एक ओहमची असते, त्यामुळे पॉइंट बंद असो की उघडा, मीटर जवळपास सारखंच दाखवतो. कॉइलची आणि कंडेन्सरची वायर पॉइंटवरून सोडवा, मगच मीटर खरं बोलतो.

पिस्टन सगळ्यात वर आला हे प्लगच्या भोकात स्क्रू-ड्रायव्हर घालून कळत नाही. 50 मिलिमीटर स्ट्रोक आणि 100 मिलिमीटर रॉड धरला तर टोकाच्या अलीकडच्या शेवटच्या 5 अंशांत पिस्टन जेमतेम 0.12 मिलिमीटर हलतो. प्लगच्या जागी पिस्टन-स्टॉप (पिस्टनला अडवणारा बोल्ट) लावा, फ्लायव्हील हाताने हळू एका बाजूला टेकेपर्यंत फिरवून खूण करा, उलट फिरवून दुसरी खूण करा. दोन्ही खुणांचा मध्य हेच खरं टोक. तिथून मॅन्युअलमधले अंश मोजा, थ्रॉटल फुल ठेवा आणि त्या खुणेवर पॉइंट उघडतो का ते मीटरवर पाहा. उघडत नसेल तर ॲडव्हान्सचा स्टॉप-स्क्रू हलवा, गॅपला हात लावू नका.

रॉकेलबद्दल तुमचा अंदाज उलटा आहे. रॉकेलचा ऑक्टेन (न ठोकता दाब सोसायची ताकद) पेट्रोलपेक्षा बराच कमी, म्हणून ते आधी ठोकतं. टायमिंग पुढे घेतलं तर भार असताना मिश्रण फटक्यासरशी पेटतं आणि पिस्टनच्या डोक्याला भोक पडतं. कानाने टायमिंग लागत नाही ते याचमुळे: भरल्या नावेत, पाणी कापण्याच्या आवाजात ते ठोकणं ऐकूच येत नाही. धडगाव-अक्कलकुव्याकडे नर्मदेच्या फुगवट्यात मशीन अर्ध्या वाटेत बसलं तर काठ लांब आणि मेकॅनिक त्याहून लांब.

करंट, म्हणजे ठिणगी, बघण्याची तुमची पद्धत, प्लग हेडला टेकवून दोरी ओढायची, तीही सोडा. भोकातून पेट्रोलची वाफ त्याच ठिणगीसमोर येते. वाफ हवेपेक्षा जड, नावेच्या तळाशी साचते, आणि मे महिन्यात आपल्याकडच्या 43-44 अंशांत तर बोलायलाच नको. टाकीची नळी काढा, मशीन नावेतून उतरवून मोकळ्या जागी स्टँडवर घ्या, ठिणगी तपासायचा टेस्टर भोकांपासून लांब ब्लॉकला पक्का अर्थ करा. पॉइंटच्या मशीनला ठिणगी 6 मिलिमीटर अंतर ओलांडायला हवी, सीडीआयला (पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या मशीनला) 11. सीडीआय असेल तर चालू मशीनची कॅप कधीच ओढू नका, झटका बसेल आणि इलेक्ट्रॉनिक पॅकही जाईल. ठिणगीच नसेल तर कॉइल विकत घेण्याआधी स्टॉप-स्विचची वायर सोडवून पाहा. मॅग्नेटो (चुंबकावर ठिणगी देणारं) मशीन अर्थ करून बंद होतं, त्यामुळे खराब स्विच आणि मेलेली कॉइल यांची लक्षणं सारखीच.

टायमिंग लाइट (ठिणगीसोबत चमकणारा दिवा) वापरलात तर बॅटरी नावेबाहेर ठेवा आणि क्लिपा पेट्रोल जोडण्याआधी लावा. त्या उजेडात फिरतं फ्लायव्हील थांबल्यासारखं दिसतं, बोटं त्याच भुलीने जातात.

गॅप, टायमिंग सगळं बरोबर असून दोरी उलटा झटका देते असं तुम्ही लिहिलंत. फ्लायव्हील तीन बोल्टच्या पुलरने काढा, हातोडा नको, चुंबक सुटतात. खालची चावी (फ्लायव्हीलला शाफ्टवर जागेवर धरणारा छोटा तुकडा) पाहा. 20 मिलिमीटरच्या शाफ्टवर चावी 1 मिलिमीटर सरकली तर टायमिंग जवळपास 6 अंश हलतं. नवी चावी कंपनीचीच घाला. टेपर (शाफ्टचा निमुळता भाग) कोरडा पुसून, तेल न लावता, नट टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळा. तेलकट टेपर सरकला की नवी चावीही कापली जाते.