पित्ताची गोळी, स्मृतिभ्रंश आणि ते ‘४४ टक्के’

‘पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल मेंदू पोखरतात. जर्मनीत सिद्ध झालंय, ४४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश होतो. आजच बंद करा!’ पित्तावरच्या, म्हणजे जठरातलं आम्ल कमी करणाऱ्या या गोळ्यांबद्दलचा हा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय. तो वाचून कुणी म्हातारं माणूस परस्पर गोळी सोडेल, याची मला खरी काळजी वाटते.

४४ हा आकडा खरा, अर्थ मात्र साफ चुकीचा. २०१६ साली जर्मनीतल्या आरोग्य विम्याच्या नोंदींवरून पंचाहत्तरी गाठलेल्या ७३ हजारांहून अधिक जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नियमित गोळी घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका न घेणाऱ्यांपेक्षा ४४ टक्क्यांनी जास्त दिसला. समजा, एरवी शंभरात दहा जणांना तो होत असेल, तर इथे साधारण चौदा जणांना. चव्वेचाळीस नव्हे.

‘सिद्ध’ तर काहीच झालं नाही. ही गोळी बहुधा आधीच आजारी, अनेक औषधं चालू असलेल्यांना दिली जाते. दोष गोळीचा की आजारपणाचा, हे नुसत्या नोंदी चाळून ठरत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १७,५९८ रुग्णांपैकी कुणाला पॅन्टोप्रॅझोल आणि कुणाला तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी द्यायची, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं होतं. सुमारे तीन वर्षांत स्मृतिभ्रंशात ठोस फरक आढळला नाही. आतड्यांचे संसर्ग तेवढे थोडे वाढले. तीन वर्षं अपुरी, हा आक्षेप रास्त आहे. २०२३ च्या एका अमेरिकी अभ्यासात एकूण ४.४ वर्षांहून जास्त काळ गोळी घेतलेल्यांत धोका ३३ टक्के जास्त दिसला, त्याहून कमी घेतलेल्यांत नाही. पण तोही निरीक्षणाचाच अभ्यास. प्रश्न अजून खुला आहे.

या गदारोळात जे खरं पाहायला हवं ते राहून जातं: बी-१२ जीवनसत्त्व. अन्नातलं बी-१२ प्रथिनांना चिकटलेलं असतं, ते सुटायला जठरातलं आम्ल लागतं. दोन किंवा अधिक वर्षं गोळी घेणाऱ्यांत त्याची कमतरता जास्त आढळते. त्यात माणूस शाकाहारी असेल आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिनही चालू असेल, तर तीन कारणं एकत्र आली. आपल्याकडे अशी घरं काही कमी नाहीत. तळपायाला मुंग्या, चालताना तोल जाणं, विसरभोळेपणा हे सगळं ‘वयामुळे’ म्हणून सोडून दिलं जातं. एका रक्ततपासणीत ते कळतं, आणि वेळेत कळलं तर बऱ्याच अंशी सुधारतंही. मॅग्नेशियमही घटू शकतं. पेटके, थरथर, क्वचित झटके येतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने याचा इशारा २०११ मध्येच दिला होता.

आता ‘आजच बंद करा’. बरेच महिने घेतलेली गोळी एकदम थांबवली की आम्ल उसळी मारून वाढतं, जळजळ परत येते. खरंच गरज नसेल, तर डॉक्टरांना विचारून मात्रा हळूहळू कमी करता येते, आणि वर्षानुवर्षं चिठ्ठीशिवाय गोळी घेणाऱ्यांनी हे जरूर विचारावं. पण स्टेंटनंतर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही रक्ताची गुठळी टाळणारी औषधं चालू आहेत, पूर्वी अल्सरमधून रक्तस्राव झालाय किंवा सांधेदुखीच्या गोळ्या रोज लागतात, अशांना ही गोळी पोटातला रक्तस्राव टाळण्यासाठी दिलेली असते. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती एक दिवसही सोडू नये.