पणजोबा निवडताना

अभिनंदन! फ्रान्समध्ये तुम्हाला मुलगा झालाय आणि तुमच्या हातात फक्त ५ दिवस आहेत. तेवढ्यात नगरपालिकेत जन्माची नोंद करायची, तीही नावासकट. आपल्यासारखी बाराव्या दिवसापर्यंत नुसतं ‘बाळ, बाळ’ करत बसायची सोय तिथे नाही. तेव्हा वेळ दवडू नका. ताबडतोब एखादा मेलेला माणूस शोधा.

मेलेलाच हवा. तिथे सध्या जुन्या नावांची फॅशन आहे, पण जुनं नाव म्हणजे आजोबांचं नाव, अशा भाबड्या समजात राहू नका. बाळाचे आजोबा झेरार, मित्रमंडळीत झेझे, ठणठणीत आहेत आणि टीव्हीचा आवाज वाढवून रग्बी बघतात. त्यांचं नाव ठेवलंत तर लोक म्हणतील, यांना काही सुचलं नाही वाटतं. ते नाव लावणारे सगळे म्हातारे गेले, वर भरपूर धूळ बसली, की मगच त्या नावात गोडवा उतरतो. लिओन, ज्यूल, गास्पार यांची धूळ कधीच पुसून झाली. आता पाळणाघरात ‘लिओन’ म्हणून हाक मारलीत तर तिघं रांगत येतील.

म्हणजे आणखी मागे जायला हवं, पण जपून. तुमच्या सख्ख्या पणजोबांचं नाव मार्सेल असेल, तर त्यांना नमस्कार करून पुढे चला. फ्रेंच माणूस बिनबाह्यांच्या बनियनला मार्सेल म्हणतो. निकोदेम म्हणजे जुन्या बोलीत बावळट. मामेर, पांक्रास, सर्वे हे तर ‘बर्फाचे संत’: ११, १२ आणि १३ मेच्या त्यांच्या दिवसांत थंडी उलटते आणि मोहर करपतो, म्हणून शेतकरी त्यांना वचकून असतात. (आपल्याकडे तरी काय, मल्हार थाटात परत आला, धोंडू अजून वेशीबाहेरच.)

तेव्हा सख्खे पणजोबा सोडा आणि दुसऱ्याचे घ्या, शक्यतो वाडा असलेले. फुल्क, तांक्रेद, फिलिबेर, आंगेराँ. यातलं एक नाव लावलं की दोन खोल्यांच्या फ्लॅटमागे आपोआप एक किल्ला उभा राहतो. स्पेलिंगकडेही लक्ष असू द्या. लिहिताना ८ अक्षरं (Thibault) आणि बोलताना नुसतं ‘तिबो’, हा खरा खानदानी हिशेब. जी अक्षरं उच्चारायचीच नाहीत तीही पदरी बाळगण्याची ऐपत दिसली पाहिजे. इतिहास मात्र फार उकरू नका. आंगेराँ द मारिन्यी राजाच्या तिजोरीचा कारभारी होता आणि १३१५ मध्ये त्याला फासावर चढवलं. शिल्देरिक आवडतंय? तिसऱ्या शिल्देरिकला ७५१ मध्ये गादीवरून उतरवून, त्याचे लांब केस कापून मठात धाडलं. पहिल्या जावळालाच ही आठवण कशाला?

केव्हिनवर हसायलाही शिका. १९९१ मध्ये फ्रान्समधल्या मुलग्यांचं हे सर्वांत लोकप्रिय नाव होतं आणि आज ते ऐकलं की सुसंस्कृत माणसं ओठ मुडपतात. केव्हिन हा आयर्लंडचा संत होता आणि तुमचा आंगेराँ फासावर गेला त्याच्या जवळपास ७०० वर्षं आधी वारला, हे चारचौघांत बोलू नका. जुनेपणा वर्षांवर मोजत नाहीत, पत्त्यावर मोजतात.

कायद्याची काळजी नको. १८०३ च्या कायद्याने नावं फक्त पंचांगातल्या संतांची किंवा प्राचीन इतिहासातल्या प्रसिद्ध व्यक्तींची ठेवता येत. १९९३ पासून सगळं मोकळं झालं. आता नावामुळे मुलाचं नुकसान होईल असं वाटलं, तरच अधिकारी प्रकरण वर कळवतो आणि न्यायाधीश ठरवतो. व्हॅलेन्सिएनच्या एका जोडप्याने मुलीचं नाव न्यूटेला, म्हणजे बरणीत मिळणाऱ्या हेझलनट-चॉकलेटच्या लेपाचं, ठेवलं होतं. पोरीची चेष्टा होईल म्हणून न्यायालयाने ते एला केलं. फिलिबेरला अशी अडचण नाही. इंग्रजीत हेझलनटला फिल्बर्ट म्हणतात ते याच संतावरून, कारण त्याचा दिवस २० ऑगस्टला येतो आणि फळ त्याच सुमारास पिकतं. म्हणजे हेझलनट बरणीतलं असेल तर मुलाचं नुकसान, पंचांगातलं असेल तर संस्कृती.

चौथ्या रात्री तुम्ही झेदेओंवर थांबाल. बायबलमधला वीर, कधी फासावर गेला नाही, बनियनवर नाही, अख्ख्या पाळणाघरात दुसरा सापडायचा नाही. पाचव्या दिवशी सही करा आणि निर्धास्त व्हा.

तीन वर्षांनी आजोबा त्याला शाळेतून आणायला जातील. झेदेओं एवढं लांबलचक नाव तीन वर्षांच्या पोरांच्या तोंडी कुठलं बसायला. फाटकाशी कुणीतरी ‘झेझे!’ म्हणून ओरडेल आणि आजोबा वळून बघतील.